रॅक क्लस्टरचे पब्लिक आणि प्रायव्हेट दोन्ही आयपी बदलायचेत, आधी काय करायचं आणि नंतर काय?

नाइटशिफ्ट_डीबीए

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितोय. आमच्याकडे दोन नोडचा ओरॅकल रॅक आहे (एकच डेटाबेस दोन सर्व्हरवरून चालतो तो), लिनक्सवर, डेटाबेस १९सी आणि ग्रिड इन्फ्रास्ट्रक्चर (क्लस्टर सांभाळणारं सॉफ्टवेअर, क्लस्टरवेअर त्यातच) पण १९सीच. नेटवर्क टीमने सगळं अॅड्रेसिंग नव्याने आखलंय आणि आमचे दोन्ही नोड नव्या व्हीलॅनमध्ये जाणार आहेत, म्हणजे नुसता आयपी नाही तर सबनेटच बदलतंय. पब्लिक सध्या १०.२०.४.० मध्ये आहे ते १०.६०.१२.० मध्ये जाईल, आणि प्रायव्हेट इंटरकनेक्ट (नोड आपापसात बोलतात ते नेटवर्क) १९२.१६८.१०.० मधून १७२.१६.४०.० मध्ये. मास्क सगळीकडे तोच, २५५.२५५.२५५.०. इंटरफेसची नावंही तीच राहणार, बॉन्ड० पब्लिकला आणि बॉन्ड१ प्रायव्हेटला. होस्टनेम बदलणार नाहीत हे मी लेखी घेऊन ठेवलंय.

सिंगल इन्स्टन्सवर हे काम मी केलेलं आहे, तिथे लिसनर (क्लायंटची कनेक्शन घेणारी सेवा) थांबवा, आयपी बदला, होस्ट्स फाइल आणि लिसनर.ओरा दुरुस्त करा, चालू करा, झालं. पण इथे व्हीआयपी (नोड पडला की दुसऱ्या नोडवर जाणारे आयपी) आहेत, स्कॅन (क्लायंटसाठी सगळ्या क्लस्टरचं एकच नाव) आहे, इंटरकनेक्ट आहे आणि ही सगळी माहिती क्लस्टरने स्वतःच्या पोटात कुठे कुठे ठेवलीये ते मला नीट उमगत नाहीये. ओसीआरमध्ये (क्लस्टरच्या कॉन्फिगरेशनच्या नोंदी असतात तिथे) आहे म्हणतात, जीपीएनपी प्रोफाइलमध्ये (प्रत्येक नोडवरची एक फाइल) पण आहे म्हणतात. मग ओएसवर आयपी आधी बदलायचा की क्लस्टरमध्ये आधी? आणि वरून विचारणा आहे की एकेक नोड घेऊन डेटाबेस चालू ठेवून हे करता येईल का, तर त्याला काय उत्तर देऊ? टेस्ट क्लस्टर आहे, तिथे आधी करून बघणारच आहे, पण त्याच्या आधी डोक्यात चित्र स्पष्ट हवंय.

ग्रिडवाला

चांगलं केलंत आधी विचारलंत ते. सगळ्यात आधी डाउनटाइमचं, कारण ते वर सांगायला तुम्हाला लागेल. सबनेट तेच ठेवून फक्त पब्लिक आयपी बदलायचा असता तर एकेक नोड खाली घेऊन जमलं असतं, त्यात क्लस्टरच्या कॉन्फिगरेशनला हातही लावावा लागत नाही, क्लस्टरवेअर थांबवायचं, ओएसवर आयपी आणि डीएनएस बदलायचा आणि परत चालू करायचं. पण सबनेट बदलतंय म्हटल्यावर ते विसरा. एक नोड जुन्या सबनेटमध्ये आणि दुसरा नव्यात अशा अवस्थेत व्हीआयपी एकावरून दुसऱ्यावर जाऊच शकत नाही, आणि प्रायव्हेट सबनेट वेगवेगळं असेल तर दोन नोड एकमेकांना दिसणारच नाहीत. त्यामुळे पूर्ण डाउनटाइम घ्या, तो मोकळेपणाने मागा, आणि पब्लिक व प्रायव्हेट एकाच खिडकीत उरका पण एकाच वेळी नाही, एकामागून एक. आधी एक पूर्ण करून क्लस्टर वर आणायचा, सगळं हिरवं दिसलं की मग दुसरं.

आता क्रम. पब्लिकच्या बाबतीत क्रम थोडा मागेपुढे झाला तरी निभावतं. प्रायव्हेटच्या बाबतीत अजिबात निभावत नाही आणि लोक नेमके तिथेच अडकतात. कारण असं की ११.२ पासून इंटरकनेक्टची माहिती ओसीआरमध्ये असते तशीच प्रत्येक नोडवरच्या जीपीएनपी प्रोफाइलमध्ये पण असते, म्हणजे ग्रिड होमच्या खाली जीपीएनपी, मग होस्टनेम, मग प्रोफाइल्स, पीअर, तिथली प्रोफाइल.एक्सएमएल. क्लस्टर सुरू होताना सीएसएस (कोणते नोड क्लस्टरमध्ये जिवंत आहेत ते बघणारी सेवा) उठण्यासाठी हीच फाइल वाचली जाते, ओसीआर तर तोवर उघडलेलाही नसतो. मग तुम्ही ओएसवर बॉन्ड१ चा आयपी बदलून मोकळे झालात आणि प्रोफाइलमध्ये अजून १९२.१६८.१०.० लिहिलेलं असेल तर क्लस्टरवेअर ते सबनेट शोधत बसतं, ते सापडत नाही, आणि स्टॅक वर येतच नाही. आणि स्टॅक वर नसेल तर ओआयएफसीएफजीने (क्लस्टरमधली इंटरफेस आणि सबनेटची नोंद बदलायची कमांड) प्रोफाइल बदलताही येत नाही. दोन्हीकडून दार बंद. असं कुणाचं झालंच तर प्रोफाइल हाताने एडिट करायच्या भानगडीत पडू नका, त्या फाइलवर डिजिटल सही असते. ओएसवर जुना आयपी परत लावा, क्लस्टर उठवा आणि पहिल्यापासून नीट क्रमाने करा.

म्हणून प्रायव्हेटसाठी क्लस्टरला आधी सांगायचं, ओएसवर नंतर. सगळे नोड चालू असताना, एकही बंद नको, ग्रिड युजरने आधी ओआयएफसीएफजी गेटइफ चालवून आत्ता काय नोंद आहे ते बघून ठेवा, प्रत्येक नोडवरच्या प्रोफाइल.एक्सएमएलची कॉपी काढून ठेवा, रूटने ओसीआरकॉन्फिग मॅन्युअलबॅकअप घ्या. मग ओआयएफसीएफजी सेटइफ ग्लोबल ऑप्शनसकट, बॉन्ड१ आणि नवं सबनेट १७२.१६.४०.०, प्रकार क्लस्टर_इंटरकनेक्ट. तुमचा १९सी आहे आणि फ्लेक्स एएसएम (एएसएम म्हणजे ओरॅकलची डिस्क सांभाळणारी यंत्रणा) असेल तर प्रकार नुसता क्लस्टर_इंटरकनेक्ट नाही, त्याच्या पुढे स्वल्पविराम देऊन एएसएम पण लिहायचं. गेटइफमध्ये आत्ता जसं दिसतंय तसंच नव्याला द्या, म्हणजे शंका राहत नाही. नवं सबनेट त्या क्षणी ओएसवर नसलं तरी ग्लोबलने नोंद होते, घाबरू नका. आणि जुनी नोंद लगेच काढू नका, ती शेवटी.

मग फ्लेक्स एएसएमचा लिसनर. ही पायरी जुन्या लेखांमध्ये नसते कारण ते लेख ११जीच्या काळातले. १२सीपासून एएसएमसाठी प्रायव्हेट नेटवर्कवर वेगळा लिसनर असतो, एएसएमनेट१एलएसएनआर_एएसएम अशा नावाचा, आणि तो सबनेटला बांधलेला असतो. तेव्हा क्लस्टर थांबवायच्या आधीच सर्व्हसीटीएल (क्लस्टरमधले रिसोर्स हाताळायची कमांड) अॅड लिसनरने नव्या सबनेटवर नव्या नावाचा एएसएम लिसनर जोडा आणि जुना सर्व्हसीटीएल अपडेट लिसनरने रिमूव्ह आणि फोर्स देऊन काढा.

त्यानंतर रूटने दोन्ही नोडवर सीआरएससीटीएल (क्लस्टरवेअरचा स्टॅक हाताळायची कमांड) स्टॉप सीआरएस आणि लगेच डिसेबल सीआरएस, नाहीतर मध्ये सर्व्हर रीबूट झाला तर अर्धवट नेटवर्कवर स्टॅक उठायला बघेल. मग ओएसवर आयपी बदला, होस्ट्स फाइलमधली प्रायव्हेट नावं बदला, दोन्हीकडून एकमेकांना नव्या आयपीवर पिंग करा. पिंग होतंय याची खात्री पटल्याशिवाय पुढे सरकू नका. मग एनेबल, स्टार्ट, आणि सगळं वर आल्यावर ओआयएफसीएफजी डेलइफने जुन्या सबनेटची नोंद काढून टाका.

पब्लिक, व्हीआयपी आणि स्कॅनचं संध्याकाळी लिहितो, ते वेगळंच प्रकरण आहे.

स्विचपोर्ट

मी नेटवर्कच्या बाजूचा माणूस, डीबीए नाही, पण अशा कामांत रात्री फोन आमच्याकडेच येतो म्हणून लिहितोय. ग्रिडवाला म्हणतात ते पिंग नुसतं पिंग नको. इंटरकनेक्टवर जंबो फ्रेम चालू असतील, एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) ९००० असेल, तर साधं पिंग छान जातं आणि मोठं पॅकेट स्विचवर गळतं, कारण नव्या व्हीलॅनच्या पोर्टवर जंबो चालू करायचं राहून गेलेलं असतं. त्यामुळे पिंग करताना फ्रॅगमेंट करू नको असं सांगून ८९७२ बाइटचं पॅकेट पाठवा. ९००० मधून आयपी आणि आयसीएमपीचे हेडर मिळून २८ बाइट वजा केले की ८९७२ उरतात. ते गेलं तर जंबो खरंच चालू आहे. नाही गेलं तर क्लस्टर कदाचित उठेलही, पण ग्लोबल कॅशचे ब्लॉक इकडून तिकडे जाताना अडकतील आणि तुम्ही डेटाबेसमध्ये वेट इव्हेंट बघत बसाल, खरा दोष मात्र स्विचवर असेल.

दुसरं, प्रायव्हेट व्हीलॅन राउट व्हायला नको, मध्ये फायरवॉल तर मुळीच नको, सर्व्हरवरचा लोकल फायरवॉलसुद्धा त्या इंटरफेसला मोकळा हवा. मल्टिकास्टचं पण विचारून घ्या. ११.२.०.२ पासून क्लस्टरवेअर नोड शोधताना २३०.०.१.० आणि २२४.०.०.२५१ हे मल्टिकास्ट पत्ते वापरत आलंय, आणि नव्या स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग (मल्टिकास्ट फक्त मागणाऱ्या पोर्टवरच पाठवणं) असेल पण क्वेरिअर (कोणाला हवंय ते विचारत राहणारा) नसेल तर थोडा वेळ सगळं ठीक चालतं आणि मग मल्टिकास्ट हळूच बंद पडतं. हे असलं काहीतरी पकडायला फार त्रास होतो, कारण केबल ठीक, पिंग ठीक, पोर्ट ठीक.

आणि एक कळकळीची विनंती, क्लस्टर चालू असताना नुसतं बघू म्हणून बॉन्ड१ खालीवर करू नका. सीएसएसचा मिसकाउंट लिनक्सवर मुळात ३० सेकंद असतो, तेवढ्या वेळात हार्टबीट नाही मिळाला की एक नोड बाहेर फेकला जातो.

नाइटशिफ्ट_डीबीए

दादा, दोघांचेही मनापासून आभार. ८९७२ चं मला खरंच माहीत नव्हतं, आमच्याकडे जंबो चालू आहे. गेटइफ चालवून बघितलं, प्रायव्हेटसमोर क्लस्टर_इंटरकनेक्ट आणि एएसएम दोन्ही दिसतंय, म्हणजे फ्लेक्स एएसएम आहे. एक शंका आहे, आयएफकॉन्फिगमध्ये बॉन्ड१ वर १६९.२५४ ने सुरू होणारा एक जास्तीचा आयपी दिसतो, तो आम्ही दिलेला नाही, त्याचं काय करायचं?

ग्रिडवाला

त्याला काहीच करायचं नाही. तो एचएआयपी, ११.२.०.२ पासून क्लस्टरवेअर स्वतः लावतं आणि स्वतः काढतं, इन्स्टन्स आणि एएसएम एकमेकांशी त्या आयपीवर बोलतात. नवं सबनेट लागल्यावर तो नव्याने आपोआप येईल. मात्र एक तपासाच, स्पीफाइलमध्ये (इन्स्टन्सच्या पॅरामीटरची फाइल) क्लस्टर_इंटरकनेक्ट्स हा पॅरामीटर कुणी हाताने भरून ठेवलाय का. जुन्या सिस्टिम अपग्रेड होत होत १९सीला आलेल्या असतात आणि त्यात १०जीच्या काळातला जुना प्रायव्हेट आयपी तसाच बसलेला सापडतो. तसं असेल तर काम झाल्यावर इन्स्टन्स उठणार नाही, आणि एएसएमच्या स्पीफाइलमध्ये असेल तर त्याहून वाईट. काम झाल्यावर जीव्ही डॉलर क्लस्टर_इंटरकनेक्ट्स या व्ह्यूमध्ये बघा, १६९.२५४ वाला आयपी आणि इज_पब्लिकसमोर नो दिसलं पाहिजे.

आता पब्लिक. इथे चार गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि त्या वेगळ्याच ठेवा: नोडचा स्वतःचा पब्लिक आयपी, नेटवर्क रिसोर्स, व्हीआयपी, आणि स्कॅन. नोडचा पब्लिक आयपी ओएसचा, त्याच्याशी क्लस्टरला फारसं देणंघेणं नाही, त्याला फक्त सबनेट माहीत असतं. ते सबनेट ओआयएफसीएफजीने बदलायचं, जुनं डेलइफ, नवं सेटइफ, प्रकार पब्लिक. ओरा.नेट१.नेटवर्क नावाचा जो रिसोर्स दिसतो त्यात सबनेट, मास्क आणि इंटरफेस असतात. आणि व्हीआयपीच्या रिसोर्समध्ये फक्त व्हीआयपीचं नाव किंवा आयपी असतो, मास्क वगैरे नाही, तो नेटवर्क रिसोर्सकडून घेतला जातो. हे एकदा समजलं की कमांड पाठ करायची गरज उरत नाही, काय कुठे लिहिलंय ते कळलेलं असतं.

डाउनटाइम सुरू झाल्यावर डेटाबेस थांबवा, लिसनर थांबवा, व्हीआयपी थांबवा, स्कॅन लिसनर आणि स्कॅन थांबवा. व्हीआयपी खरंच उतरला का ते ओएसवर बघा. मग ओआयएफसीएफजीचे बदल, आणि रूटने सर्व्हसीटीएल मॉडिफाय नेटवर्क, नेटवर्क क्रमांक १, नवं सबनेट मास्क आणि इंटरफेससकट. त्यानंतर प्रत्येक नोडसाठी सर्व्हसीटीएल मॉडिफाय नोडअॅप्सने नवा व्हीआयपी. इथे शक्यतो आयपी न देता व्हीआयपीचं होस्टनेम द्या. मग क्लस्टर थांबवून ओएसवर आयपी, गेटवे, होस्ट्स फाइल बदला आणि परत उठवा. नवे व्हीआयपी आणि स्कॅनचे आयपी आधीच कुणी वापरत नाहीये ना ते पिंग करून बघा, या पत्त्यांवरून काम सुरू व्हायच्या आधी उत्तर येताच कामा नये.

स्कॅनचे तीनही आयपी डीएनएसमध्ये असतात आणि क्लस्टर ते डीएनएसकडूनच घेतं, पण सतत विचारत नाही, तुम्ही सर्व्हसीटीएल मॉडिफाय स्कॅन चालवाल त्याच वेळी विचारतं. म्हणून डीएनएस आधी बदललेला हवा, दोन्ही नोडवरून एनएसलुकअप करून तीनही नवे आयपी येतायत का बघा, नोडवर एनएससीडी चालत असेल तर त्याचा कॅश साफ करा. मगच मॉडिफाय स्कॅन, तेच नाव परत देऊन, रूटने. त्यानंतर मॉडिफाय स्कॅन_लिसनर अपडेटसकट, म्हणजे आयपींची संख्या बदलली असेल तर लिसनरची संख्या जुळते. डीएनएस टीमला सांगून त्या नावांचा टीटीएल (डीएनएसचं उत्तर किती वेळ धरून ठेवायचं ती मुदत) दोनचार दिवस आधीच कमी करून घ्या.

आणखी एक. १२सीपासून नेटवर्क रिसोर्सला पिंग टार्गेट देता येतो, म्हणजे हा पत्ता पिंग झाला नाही तर पब्लिक नेटवर्क पडलं असं क्लस्टर समजतं आणि व्हीआयपी हलवतं. तिथे कुणी जुना गेटवे घालून ठेवला असेल तर सगळं बरोबर करूनही व्हीआयपी टिकणार नाही. सर्व्हसीटीएल कॉन्फिग नेटवर्कमध्ये दिसेल, बघून घ्या.

रिडू_लॉग

सर्व्हरच्या आतलं ग्रिडवालांनी छान सांगितलंय, मी बाहेरच्या बाजूचं लिहिते, कारण क्लस्टर हिरवागार दिसतो आणि तरी अॅप्लिकेशनवाले ओरडत असतात ही वेळ बहुतेकदा येतेच.

फायरवॉलची मागणी देताना बरेच जण फक्त स्कॅनचे तीन आयपी आणि पोर्ट १५२१ लिहितात. पण स्कॅन लिसनर कनेक्शन स्वतः सांभाळत नाही हो, तो क्लायंटला सांगतो की अमुक नोडच्या व्हीआयपीवर जा, आणि क्लायंट तिकडे नवं कनेक्शन उघडतो. व्हीआयपीला फायरवॉल उघडा नसेल तर क्लायंट तिथेच लटकतो आणि बऱ्याच वेळाने ओआरए-१२१७० येतो. आणि क्लायंटच्या मशीनला व्हीआयपीचं नाव डीएनएसमधून कळतच नसेल तर ओआरए-१२५४५. हे दोन एरर दिसले की डेटाबेसमध्ये डोकावण्याआधी व्हीआयपीकडे बघायचं. त्यामुळे मागणीत स्कॅनचे तीन, व्हीआयपी दोन, आणि जुने क्लायंट थेट नोडच्या आयपीवर येत असतील तर तेही लिहा.

मग लोकल_लिसनर आणि रिमोट_लिसनर. लोकल_लिसनर १९सीत क्लस्टरचा एजंट स्वतः भरतो, नव्या व्हीआयपीसकट, पण कुणी हाताने सेट करून स्पीफाइलमध्ये आयपी घातला असेल तर तो जुनाच राहतो. रिमोट_लिसनरमध्ये स्कॅनचं नाव असतं, त्यामुळे बदलायचं काही नसतं असं वाटतं, पण इन्स्टन्सने आधी शोधून ठेवलेले जुने आयपी त्याच्याकडे राहू शकतात, तेव्हा तीच किंमत परत अल्टर सिस्टिमने सेट करा आणि अल्टर सिस्टिम रजिस्टर चालवा. मग तीनही स्कॅन लिसनरचं स्टेटस बघा, प्रत्येकात दोन्ही इन्स्टन्स दिसल्या पाहिजेत. एका लिसनरमध्ये नसतील तर काही कनेक्शन लागतील आणि काही ओआरए-१२५१४ देऊन परत येतील, आणि अॅप्लिकेशनवाले म्हणतील कधी चालतं कधी नाही.

एसक्यूएलनेट.ओरामध्ये टीसीपी.इन्व्हायटेड_नोड्स वापरत असाल तर ती यादी नव्या सबनेटने भरा, त्यात दोन्ही नोडचे स्वतःचे नवे आयपी, व्हीआयपी आणि स्कॅन सुद्धा हवेत.

डेटा गार्ड (रिडू पाठवून स्टँडबाय डेटाबेस ठेवायची सोय) आहे का तुमच्याकडे? असेल तर स्टँडबायच्या बाजूचा टीएनएसनेम्स, ब्रोकरसाठी (डेटा गार्ड हाताळणारं साधन) लिसनर.ओरामध्ये टाकलेली स्टॅटिक नोंद आणि ब्रोकरमधली स्टॅटिककनेक्टआयडेंटिफायर ही प्रॉपर्टी, या तीन जागा बघा. त्या प्रॉपर्टीत आयपी असेल आणि तो जुना राहिला तर रोजचं रिडू जाणं येणं बिघडत नाही, सगळं सुरळीत दिसतं, आणि स्विचओव्हरच्या (प्रायमरी आणि स्टँडबायची अदलाबदल) दिवशी अडचण येऊ शकते. त्या दिवशी कुणाला आठवणार की मागे कधीतरी आयपी बदलले होते. म्हणून आत्ताच बघा.

डीबी लिंक शोधा, डीबीए_डीबी_लिंक्सच्या होस्ट कॉलममध्ये जुनं सबनेट टाइप करून. आणि फक्त तुमच्या डेटाबेसमध्ये नाही, तुमच्याकडे येणाऱ्या दुसऱ्या डेटाबेसमध्ये. जावावाल्यांना अॅप्लिकेशन रीस्टार्ट करायला सांगा, जेव्हीएम डीएनएसचं उत्तर धरून ठेवतो आणि सेटिंगप्रमाणे कितीही वेळ धरून ठेवू शकतो. बॅकअपचं मीडिया सर्व्हर, मॉनिटरिंगचा एजंट, एनटीपी सर्व्हर नव्या सबनेटमधून दिसतोय का, हे पण.

ईटीसीडी_चाहता

विषय रॅकचा आहे पण आमच्याकडे पोस्टग्रेस, पॅट्रोनी (पोस्टग्रेसचा क्लस्टर सांभाळणारं सॉफ्टवेअर) आणि ईटीसीडीचं (पॅट्रोनी क्लस्टरची माहिती ठेवतो तो स्टोअर) असंच काम झालं म्हणून थोडं लिहितो, कुणाला उपयोगी पडेल. तिथेही ग्रिडवालांचाच नियम लागू पडतो, सदस्याचा पत्ता क्लस्टरने स्वतःकडे लिहून ठेवलेला असतो. ईटीसीडीचे तीन सदस्य असतील तर दोन जिवंत लागतात, म्हणून एका वेळी एकच सदस्य. आधी चालू क्लस्टरमध्ये मेंबर अपडेटने त्या सदस्याचा नवा पीअर यूआरएल नोंदवायचा, मग तो सदस्य थांबवून आयपी बदलून उठवायचा, तो निरोगी दिसला की पुढचा. तिघांचेही आयपी एकदम बदलले तर कोरम जातो आणि मग स्नॅपशॉटमधून नवा क्लस्टर उभा करण्याची वेळ येते. फायदा एवढा की सबनेट वेगळं असलं तरी राउटिंग असेल तर एकेक करून जमतं, व्हीआयपीसारखं एकाच सबनेटचं बंधन ईटीसीडीला नाही. पॅट्रोनीच्या फाइलमध्ये कनेक्ट_अॅड्रेस दोन ठिकाणी असतो, रेस्ट एपीआयखाली आणि पोस्टग्रेसखाली, दोन्ही बदला. आणि पीजी_एचबीएमध्ये रेप्लिकेशनची ओळ नव्या सबनेटसाठी आधीच सगळ्या नोडवर टाकून रीलोड करून ठेवा, नाहीतर रेप्लिका वर येतो पण प्रायमरी त्याला आत घेत नाही.

नाइटशिफ्ट_डीबीए

टेस्ट क्लस्टरवर करून झालं, आणि प्रॉडक्शन पण झालं, म्हणून सविस्तर लिहितो, पुढे कुणी शोधत आलं तर त्याला उपयोग होईल.

टेस्टवर प्रायव्हेट आधी केलं. सेटइफ, नवा एएसएम लिसनर, स्टॉप, डिसेबल, आयपी बदल. ८९७२ चं पिंग गेलंच नाही, साधं पिंग मात्र जात होतं. स्विचपोर्ट दादांनी सांगितलं तेच, नव्या व्हीलॅनच्या एका स्विचवर जंबो चालू नव्हतं. नेटवर्क टीमने ते सुरू केलं आणि प्रॉडक्शनच्या पोर्टवर पण तेव्हाच तपासून घेतलं, त्यामुळे मुख्य कामाच्या रात्री तिथे वेळ गेला नाही. स्पीफाइलमध्ये क्लस्टर_इंटरकनेक्ट्स रिकामाच होता, सुटलो.

पब्लिकचं प्रॉडक्शनवर ग्रिडवाला दादांनी सांगितलेल्या क्रमाने केलं. पिंग टार्गेट सेट नव्हता. डीएनएस बदलला होता पण एका नोडवर स्कॅनचं नाव अजून जुने आयपी देत होतं, बघितलं तर त्या नोडच्या होस्ट्स फाइलमध्ये कुणीतरी कधीकाळी स्कॅनची ओळ टाकून ठेवली होती, ती काढली. मॉडिफाय स्कॅनच्या आधी दोन्ही नोडवरून लुकअप बघायला सांगितलं होतं म्हणून हे दिसलं, नाहीतर चुकीच्या आयपीवर स्कॅन उभा राहायचा प्रयत्न झाला असता.

रिडू_लॉग ताई, फायरवॉलच्या मागणीत व्हीआयपी मी घातले होते, तरी एका अॅप्लिकेशनला ओआरए-१२१७० आलाच. दोनपैकी एकाच नोडचा व्हीआयपी उघडला गेला होता. तुम्ही आधी लिहिलेलं असल्यामुळे सरळ टेलनेट करून दोन्ही व्हीआयपी बघितले आणि लगेच कळलं. डेटा गार्ड आमच्याकडे आहे, आणि स्टॅटिककनेक्टआयडेंटिफायरमध्ये खरोखर जुना आयपी होता, बदलला, आणि स्टँडबायवर व्हॅलिडेट डेटाबेस पण चालवून बघितलं, ठीक आलं.

आता राहिलेला प्रश्न, जुन्या प्रायव्हेट सबनेटची नोंद मी अजून डेलइफने काढलेली नाहीये. काही दिवस राहू देऊ का, परत मागे जायची वेळ आली तर?

ग्रिडवाला

मस्त, नीट झालं काम. जुनी नोंद ठेवू नका, आजच काढा. मागे जायचंच झालं तर सगळे नोड चालू असताना एका सेटइफने ती परत टाकता येते, त्यात काही अडचण नाही. पण राहू दिलीत तर क्लस्टर त्या सबनेटलाही इंटरकनेक्टच समजत राहील, आणि उद्या बॉन्ड१ वर किंवा दुसऱ्या कुठल्या कामासाठी कुणी १९२.१६८.१०.० मधला आयपी लावला तर एचएआयपी तिकडे पण जाऊन बसेल. काढल्यावर दोन्ही नोडवर गेटइफ चालवा, दोनच ओळी दिसायला हव्यात, बॉन्ड० पब्लिक आणि बॉन्ड१ क्लस्टर_इंटरकनेक्ट, एएसएम.

आणि रूटने ओसीआरचा एक मॅन्युअल बॅकअप आत्ता घ्या, प्रोफाइल.एक्सएमएलची नवी कॉपी पण. आपोआप होणारे जे बॅकअप आहेत त्यात दिवसाचे आणि आठवड्याचे अजून जुन्या सबनेटचे असतील, आणि पुढच्या आठवड्यात कुणाला ओसीआर रीस्टोअर करायची वेळ आली आणि त्याने त्यातला एक उचलला तर जुने व्हीआयपी आणि जुनं सबनेट परत येईल. आजच्या बॅकअपचं नाव आणि तारीख टीमच्या नोंदवहीत लिहून ठेवा.

रिडू_लॉग

एक भर घालते, बदल झाल्यावर क्लूव्हीएफवायची (क्लस्टर तपासायचं ओरॅकलचं साधन) नोडकॉन, म्हणजे नोडमधल्या नेटवर्कची, तपासणी पण सगळ्या नोडवर चालवून तिचं आउटपुट त्याच नोंदवहीत ठेवा. पुढचा पॅच लावताना प्रीचेक काही बोलला तर तुलना करायला हाताशी राहतं. आणि दोन्ही बाजूच्या नोन_होस्ट्स फाइलमध्ये जुन्या आयपींच्या ओळी असतील त्या काढून नव्या आयपीने ग्रिड आणि ओरॅकल दोन्ही युजरने पासवर्डशिवाय एसएसएच होतंय का बघून घ्या.

नाइटशिफ्ट_डीबीए

डेलइफ केलं, गेटइफमध्ये दोनच ओळी आहेत. ओसीआर बॅकअप आणि प्रोफाइलची कॉपी घेतली. एसएसएच ग्रिडने चाललं, ओरॅकल युजरने दुसऱ्या नोडवर यस नो विचारत होतं, ते पण आत्ता नीट केलं. नोडकॉन आज रात्रीच्या शिफ्टला चालवतो.